खाडीसाठी चौसष्ट कोअर

थांबेराव हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. पाणीपुरवठा कचेरीत ते वरिष्ठ लिपिक होते आणि तिथल्या हजेरीपटावर त्यांचं रीतसर नाव होतं, पण ते नाव पगाराचा दिवस सोडला तर कुणी उच्चारत नसे. गेली अकरा वर्षं इमारतीतला, कचेरीतला किंवा बायकोच्या माहेरचा कुणीही माणूस "कॉम्प्युटर घ्यायचाय, कुठला घेऊ?" असं विचारत आला की ते क्षणभर डोळे मिटून सांगत, "थांबा." सहा महिन्यांत नवा प्रोसेसर येतोय, आत्ता घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. सहा महिन्यांनी तो माणूस परत आला की त्याच्याही पुढचा प्रोसेसर येऊ घातलेला असायचा. अशा रीतीने त्यांनी निदान चाळीस कुटुंबांना कॉम्प्युटरपासून वाचवलं होतं. एका भाच्याचं तर अख्खं शिक्षण या सल्ल्याच्या आशेवर वहीपेनानेच पुरं झालं.

स्वतःला त्यांनी वेगळा नियम लावला होता असंही नाही. घरातला कॉम्प्युटर बारा वर्षांचा होता. तो सुरू करून थांबेराव आंघोळीला जात, आणि अंग पुसून बाहेर आले तरी तो अजून डोळे चोळत असायचा. पण त्याबद्दल त्यांना खंत नव्हती, कारण त्यांचं मन घरगुती प्रोसेसरवर कधी नव्हतंच. ते होतं सर्व्हरच्या प्रोसेसरवर.

आता इथे थोडं समजावून सांगायला हवं, आणि थांबेराव ते कुणालाही, कुठेही, विचारल्याशिवाय सांगत. कोअर म्हणजे प्रोसेसरच्या पोटात बसलेला, आपलं आपलं गणित करणारा एक कामकरी. घरच्या प्रोसेसरमध्ये असे चार-आठ असतात. मोठमोठ्या कंपन्यांच्या थंड खोल्यांत जे सर्व्हर उभे असतात, त्यांच्या प्रोसेसरमध्ये बत्तीस, चौसष्ट. आणि पुढच्या वर्षी जो येणार होता त्यात एकशे ब्याण्णव. हा आकडा थांबेराव आजारी माणसाच्या खोलीत बोलावं तशा आवाजात उच्चारत. तळहाताएवढ्या चकतीत एकशे ब्याण्णव कामकरी, एकमेकांना धक्का न लावता, कुणी रजेवर नाही, कुणाची डुलकी नाही. ज्यांनी पाणीपुरवठा कचेरीत तेवीस वर्षं काढली आहेत त्यांनाच यातलं आश्चर्य खऱ्या अर्थाने कळू शकतं.

त्यांच्यासारख्याच अकरा शौकिनांचा फोनवर एक गट होता. या नव्या प्रोसेसरवर उडी मारावी की त्याच्या पुढच्याची वाट पाहावी, यावर तिथे चार महिने खडाजंगी चालली होती. अकरांपैकी एकाच्याही घरी त्या प्रोसेसरला पुरेल असं काम नव्हतं, पण हा मुद्दा काढणं असभ्यपणाचं मानलं जाई. थांबेराव गटातले ज्येष्ठ. त्यांचं मत काय असणार हे सांगायलाच नको.

एका रविवारी सकाळी ते हे सगळं आप्पांना ऐकवत होते. आप्पा म्हणजे त्यांचे वडील, वय चौऱ्याऐंशी. बंदर कचेरीच्या गणितखोलीत ते चौतीस वर्षं होते, शेवटी तिचे प्रमुख. पुढच्या वर्षभरात रोज भरती किती वाजता येणार, पाणी किती चढणार, याचं पुस्तक त्या खोलीत हाताने तयार होई. लांबलचक टेबल, सहा खुर्च्या, प्रत्येक खुर्चीला आपला एक रकाना आणि टोकाला आप्पा. आप्पा सहसा मुलाचं प्रोसेसरपुराण एका कानाने ऐकत, कारण दुसऱ्याने ऐकूच येत नसे. त्या दिवशी मात्र त्यांनी कप खाली ठेवला.

"एवढे कामकरी एका पेटीत बसवून त्यांना काम काय देतात?"

थांबेराव खुलले. हवामान, वारा, पाण्याचे प्रवाह, असं बरंच काही त्यांनी सांगितलं.

"खाडीचं पाणी करता येईल?" आप्पांनी विचारलं. "एकतीस वर्षांपूर्वीचं?"

घरात ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि कुणीच कधी काढत नसे. एकतीस वर्षांपूर्वी एका सकाळी धान्याने भरलेली एक बार्ज खाडीच्या तोंडाशी वाळूत रुतली. पुस्तकात त्या वेळेला भरपूर पाणी लिहिलेलं होतं आणि प्रत्यक्षात ते नव्हतं. चौकशी समिती बसली आणि 'गणितातील चूक' असा शेरा मारून उठली. कुणाची चूक, तर भरतीच्या गणितात सगळ्यांत मोठा रकाना चंद्राचा, म्हणून बोट गेलं तो सांभाळणाऱ्या तिसऱ्या खुर्चीवरच्या बाईंकडे. त्यांची भांडारात दोरखंडाची वेटोळी मोजायला बदली झाली आणि तीन महिन्यांत त्यांनी नोकरी सोडली. बदलीच्या कागदावर आप्पांची सही होती. वर्षभरात गणितखोलीही बंद झाली, मूळ कागद रद्दीत गेले, पुढे खाडी उपसून खोल केली. त्यामुळे आता तपासायचं तर एकच वाट उरली होती. जुन्या नकाशावरून ती जुनी खाडी पुन्हा उभी करायची आणि त्या सकाळचं पाणी तिच्यातून पुन्हा वाहवून बघायचं.

"करता येईल की," थांबेराव म्हणाले. "पुढच्या वर्षी एकशे ब्याण्णववाला येऊ दे, मग बघा."

"तू थांब," आप्पा म्हणाले. "मला तेवढं थांबता येईल असं वाटत नाही."

महिन्याभरात डॉक्टरांनी त्यांच्या गोळ्या दोनदा बदलल्या होत्या. थांबेराव उठून गॅलरीत गेले, आणि आत येऊन त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एका जुन्या मशीनवाल्याला फोनवर सांगितलं की मला एक मशीन आत्ता हवं आहे.

मशीन मिळालं ते म्हणजे एका बंद पडलेल्या कंपनीचा जुना सर्व्हर. त्यात प्रोसेसर दोन, प्रत्येकात बत्तीस कोअर, म्हणजे एकूण चौसष्ट. गटात ही बातमी कळताच शोककळा पसरली. नवा प्रोसेसर दारात असताना दोन पिढ्या जुना घेतलात, तोही तुम्ही, असं एकाने लिहिलं. दुसऱ्याने फक्त एक रडका चेहरा पाठवला. खरं सांगायचं तर थांबेरावांना स्वतःलाही आपण काहीतरी अनैतिक केल्यासारखं वाटत होतं.

सर्व्हरचं वजन एका जाड्या माणसाएवढं होतं आणि आकार पलंगाच्या ड्रॉवरसारखा, लांबच लांब. तो लिफ्टमध्ये आडवा मावेना आणि उभा करू नका असं त्याच्यावरच लिहिलेलं. शेवटी तिसऱ्या मजल्यापर्यंत जिन्याने न्यायचं ठरलं. इमारतीतला प्लंबर पुढे, थांबेराव मागे, आणि बाजूने खालच्या मजल्यावरचे काका. काका बस डेपोचे निवृत्त व्यवस्थापक. कुठलीही मोठी वस्तू वळणावर कशी वळवायची हे आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, अशी त्यांची खात्री होती. "मागे घ्या, अजून घ्या, डावीकडे तोडा," असं सांगत त्यांनी पहिल्याच वळणावर सर्व्हर असा अडकवला की वर जाणारेही अडले आणि खाली येणारेही. पाऊण तास जिन्याच्या दोन्ही टोकांना माणसं साचत गेली. प्रत्येकाने थांबेरावांना एकेक सल्ला दिला, आणि या सल्ल्यांची सुरुवात "एवढं काय आहे त्यात?" या प्रश्नाने होत होती. "कोअर आहेत," थांबेराव घाम पुसत म्हणत, आणि लोक सहानुभूतीने मान हलवत.

वर गेल्यावर त्यांनी झाकण उघडून एक प्रोसेसर बाहेर काढला. बघण्याची तशी गरज नव्हती, पण अकरा वर्षं ज्याच्या नुसत्या चित्रांवर काढली तो समोर असताना न बघणं त्यांना जमणारं नव्हतं. दोन्ही हातांत धरून त्यांनी तो खिडकीच्या उजेडात नेला. वरून गुळगुळीत धातूची पाटी, आणि उलटा केला तर खाली हजारो सोनेरी ठिपके, मुंगीच्या पायाहून बारीक, ओळीने मांडलेले. माणसाने हे केलंय, त्यांच्या मनात आलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. बायको दारातून बघत होती. ती वाचनालयात ग्रंथपाल होती आणि भावनेच्या भरात लोक वस्तू खाली पाडतात हे तिने अनेकदा पाहिलं होतं. तिने शांतपणे त्यांच्या हाताखाली एक उशी धरली.

मग त्यांनी सगळं जागेवर बसवून बटण दाबलं.

आवाजाबद्दल त्यांनी वाचलेलं होतं, पण वाचणं वेगळं. आधी एक दमदार फुंकर आली, मग शिट्टी, आणि मग असा घोंगाट की भिंतीवरचं कॅलेंडर दोऱ्यावर नाचू लागलं. सर्व्हरला थंड खोलीची सवय असते. माणसाच्या खोलीत आणला की त्याचे पंखे जिवाच्या आकांताने फिरतात. "शांतता राखा" या दोन शब्दांवर जिची उभी नोकरी झाली ती बाई कपाळाला हात लावून उभी राहिली. आप्पांनी मात्र कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं आणि ते समाधानाने म्हणाले, "चालू झालं वाटतं." तेवढ्यात इमारतीचे दिवे गेले.

पुढचे तीन दिवस थांबेरावांना जिन्यात नमस्कार कुणी केला नाही. चौथ्या दिवशी ते वीज कचेरीत जादा भाराचा अर्ज घेऊन उभे होते. सरकारी कचेरीत तेवीस वर्षं घालवलेला माणूस दुसऱ्या सरकारी कचेरीत गेला की त्याचा कसा मान राखला जातो, हे त्यांना तिथे कळलं. तो राखला जात नाही. अर्जात वापराचे तीन रकाने होते, निवास, दुकान आणि गिरणी. खिडकीवरच्या लिपिकाने विचारलं, "एवढ्या विजेवर चालतं काय?"

"गणित."

"त्यात काय टाकता?"

"आकडे."

"आणि बाहेर काय पडतं?"

"आकडेच. पण बारीक."

लिपिकाने गिरणीसमोर खूण केली. थांबेरावांनी निषेध नोंदवायला तोंड उघडलं, पण गिरणीला भार आठवड्यात मिळतो आणि इतर कशालाही दोन महिने लागतात हे कळल्यावर ते मिटलं. पाहणीला आलेला अधिकारी दारात थबकून तो घोंगाट ऐकत राहिला. मग आत न येताच त्याने कागदावर लिहिलं, 'गिरणी चालू स्थितीत आढळली.' जाताना त्याने त्यांच्या बायकोला, दळण कितीला देता, असंही विचारलं. तिने सांगितलं की सध्या फक्त घरचंच दळतो.

वीज आली, पण खाडी कुठे होती? ती आप्पांच्या खोलीत भिंतीवर होती. एका जुन्या नकाशावर पाण्याच्या खोलीचे साडेतीन हजार आकडे आप्पांच्याच हस्ताक्षरात लिहिलेले होते. पाच आठवडे रोज संध्याकाळी सून भिंगातून आकडे वाची आणि मुलगा ते टाइप करी. आप्पा पलंगावर डोळे मिटून पडलेले असत, आणि तिने चार-सहाच्या जागी चार-नऊ वाचलं की डोळे न उघडता म्हणत, "तिथे खडक आहे, सहा." एकतीस वर्षांनीही त्यांना खाडीचा तळ पाठ होता. थांबेरावांना घरात शिरताना हल्ली जरा दबकल्यासारखं वाटू लागलं होतं. एवढी वर्षं आपण कुठल्या माणसाला प्रोसेसर समजावून सांगत होतो, हे त्यांच्या हळूहळू ध्यानात येत होतं.

वाऱ्याची नोंद दीपगृहाच्या जुन्या वहीत होती. ती वही 'चौकशीकामी राखून ठेवलेली' असल्याने देता येणार नाही असं बंदर कचेरीने कळवलं. चौकशी संपून एकतीस वर्षं झाली, असं थांबेरावांनी उलट कळवलं. तसा कागद दाखवा, असं उत्तर आलं. पण ते स्वतः लिपिक होते आणि या खेळात त्यांचा हात धरणारा अजून जन्मायचा होता. त्यांनी 'आपल्या दिनांकरहित पत्राच्या अनुषंगाने' असं सुरू होणारं सात पानांचं पत्र लिहिलं. ते वाचण्यापेक्षा वही देणं सोपं आहे, हे समोरच्यालाही कळलं.

अखेर तो दिवस आला. पाण्याच्या प्रवाहाचं गणित करणारा प्रोग्रॅम एका विद्यापीठाने फुकट ठेवलेला होता, सोबत तीनशे पानांची माहितीपुस्तिका. थांबेरावांनी ती मधूनमधून वाचली. प्रोग्रॅम सुरू करताना त्याने प्रश्न विचारले, यांनी उत्तरं भरली, आणि घरातले तिघे पडद्यासमोर बसले. खालचे काकाही आले, कारण ज्या वस्तूमुळे आपली झोप उडाली आहे ती नेमकं काय करते हे बघण्याचा हक्क आपल्याला आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

सर्व्हर गरजला. पडद्यावर ओळ उमटली: उरलेला वेळ, चौदा महिने.

थांबेरावांनी ती ओळ तीनदा वाचली. चौसष्ट कोअर, गिरणीचा भार, सगळ्या इमारतीचा रोष, आणि चौदा महिने. तोवर तो एकशे ब्याण्णववाला बाजारात येऊन जुनासुद्धा झाला असता. काकांनी विचारलं की हे मशीन फसवून विकलेलं तर नाही ना, आपल्या डेपोत एकदा इंजिन नसलेली बस आली होती. आपण अकरा वर्षं लोकांना थांबायला सांगत होतो ते बरोबरच होतं, एकदाच नाही थांबलो तर बघा, असं थांबेरावांना वाटून गेलं. आप्पांकडे बघायची त्यांची हिंमत होईना.

आप्पा मात्र पुढे सरकून पडद्याच्या कोपऱ्यात बघत होते. तिथे चौसष्ट छोट्या चौकटी होत्या, प्रत्येक कोअरची एक. एक चौकट काठोकाठ भरलेली होती आणि त्रेसष्ट रिकाम्या.

"हा एकटाच राबतोय," आप्पा म्हणाले. "बाकीचे काय करतायत?"

"बसलेत."

"त्यांना काम कुणी दिलंय का?"

थांबेरावांनी भरलेली उत्तरं परत उघडली. खाडीचे भाग किती करायचे, असा एक प्रश्न त्यात होता, आणि त्यांनी तिथे मोठ्या अभिमानाने 'एक' असं लिहिलं होतं. खाडी एकच आहे, तिचे तुकडे कशाला करायचे? आप्पांच्या खाडीचे तुकडे करणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

आप्पांनी पेन्सिल मागितली आणि वर्तमानपत्राच्या कडेला खाडी काढली. बंदराचा धक्का बांधायच्या वेळी अशीच अख्ख्या खाडीची आकडेमोड गणितखोलीने हाताने केली होती, सात महिने लागले होते. तेव्हा त्यांनी खाडी सहा पट्ट्यांत कापली, प्रत्येक खुर्चीला एक पट्टी. प्रत्येकाने आपल्या पट्टीतलं पाणी एक पाऊल पुढे न्यायचं, आणि काठावरचे आकडे चिठ्ठीवर लिहून शेजारच्याला द्यायचे. दोन्ही बाजूंच्या चिठ्ठ्या हातात आल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही. "पट्ट्या सारख्या रुंदीच्या नाही करायच्या," आप्पा म्हणाले. "सारख्या कामाच्या करायच्या. तोंडाशी पाणी वळतं, तिथली पट्टी अरुंद ठेव. नाहीतर सगळे जण त्या एकाच्या चिठ्ठीची वाट बघत बसतात."

थांबेरावांनी माहितीपुस्तिकेचं दुसरं प्रकरण उघडलं. आपल्याला हे माहीत आहे असं समजून त्यांनी नेमकं तेच सोडलं होतं. तिथे हेच लिहिलेलं होतं, चित्रासकट. चिठ्ठ्या होत्या, काठ होते, वाट बघणंही होतं. बड्या विद्वानांनी जे कमावलं ते या माणसाने लाकडी टेबलावर, पेन्सिलीने, सहा माणसांना घेऊन केलं होतं. आणि आपण यांना दर रविवारी, कोअर म्हणजे काय, हे सोप्या भाषेत सांगत होतो. त्यांच्या अंगावर काटा आला. अकरा वर्षांत कुठल्याही प्रोसेसरने तो आणला नव्हता.

आप्पांनी कागदावर चौसष्ट पट्ट्या आखल्या. दुसऱ्या दिवशी मुलाने त्या तशाच भरल्या आणि बटण दाबलं. क्षणभर काही झालं नाही. मग पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकटी एकामागून एक भरत गेल्या आणि चौसष्टच्या चौसष्ट काठापर्यंत भरून तशाच राहिल्या. उरलेला वेळ, नऊ दिवस. काकांनी आयुष्यात चारशे बसगाड्या वेळेवर सोडल्या होत्या, पण एकाच वेळी चौसष्ट सोडलेल्या त्यांनी पाहिल्या नव्हत्या. ते हळूच खुर्चीवरून उठून उभे राहिले. "एकही डेपोत नाही," ते म्हणाले.

त्या क्षणापासून काका बदलले. नऊ दिवस त्यांनी इमारतीवर असा पहारा ठेवला की विचारू नका. पाण्याचा पंप कधी लावायचा, इस्त्री कुणी किती वाजता करायची, याचं वेळापत्रक त्यांनी जिन्यात लावलं. वीज पुन्हा गेली तर गणित पहिल्यापासून, हे त्यांनी प्रत्येक दारात जाऊन सांगितलं. "साहेबांची खाडी चालू आहे," एवढं म्हटलं की लोक निमूटपणे इस्त्री बंद करत. थांबेरावांच्या बायकोने सर्व्हरच्या मागच्या गरम झोतासमोर दोरी बांधली आणि इमारतीतल्या चादरी तिथे वीस मिनिटांत वाळू लागल्या, तेव्हा उरलासुरला रागही गेला. फोनवरच्या गटाने चौसष्ट भरलेल्या चौकटींचा फोटो मागवला आणि त्यावर दिवसभर कुणी काही लिहिलं नाही. त्यांच्यात हा सर्वोच्च मान असतो.

पडद्यावर खाडी हळूहळू हलत होती. निळं पाणी आत चढे, फाटे भरत, खडकाशी वळे, परत ओसरे. आप्पा दिवसभर समोर बसून असत. "चौतीस वर्षं मी हिचे आकडे लिहिले," ते एकदा सुनेला म्हणाले, "हिला अशी कधी बघितली नव्हती." सुनेने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती बराच वेळ तिथेच उभी राहिली.

या नऊ दिवसांतच गणित दोनदा करायचं होतं, एकदा वाऱ्याशिवाय आणि एकदा वाऱ्यासकट. नवव्या दिवशी, रविवारी दुपारी, दोन्ही पुरी झाली. थांबेरावांनी त्या सकाळची ती वेळ, ती जागा काढली. वारा नसता तर पाणी चार मीटर बारा. पुस्तकात छापलेलं होतं चार मीटर दहा. आणि दीपगृहाच्या वहीत नोंदलेला, जमिनीकडून समुद्राकडे सुटलेला वारा घातला की तीन मीटर शेहेचाळीस. बार्जला निदान तीन मीटर ऐंशी लागत होतं. गणित चुकलं नव्हतं. वाऱ्याने खाडीतलं पाणी बाहेर लोटलं होतं, आणि वारा वर्षभर आधी छापायच्या कुठल्याच पुस्तकात बसत नाही.

थांबेराव आनंदाने वळले. आप्पांचा चेहरा मात्र उतरला होता. बाईंची चूक निघाली असती तर त्या सहीचं ओझं कमी झालं असतं. आता ते पुरतं त्यांच्यावर आलं होतं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. "मग त्या कागदावर मी उगाच सही केली," एवढंच ते बोलले.

त्यांनी डायरी मागितली. बाईंचा नंबर तिच्यात होता. दर वर्षी नव्या डायरीत तो उतरवून घ्यायचा आणि कधीच लावायचा नाही, असं एकतीस वर्षं चाललं होतं. थांबेरावांनी नंबर लावला आणि आप्पांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. पलीकडे फोन बाईंनीच उचलला.

"बाई, मी गणितखोलीतून बोलतोय," आप्पा म्हणाले. खोली जाऊन तीस वर्षं झाली होती, पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

"बोला साहेब," बाई म्हणाल्या. त्यांच्याही ते लक्षात आलं नाही.

"त्या सकाळचं पाणी आम्ही परत मोजलं. तुमचा रकाना बरोबर होता. वारा होता तो."

पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. सर्व्हरच्या पंख्यांमुळे असेल म्हणून थांबेरावांनी धावत जाऊन तो बंद केला. खोली एकदम गप्प झाली.

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "त्याच संध्याकाळी मी तो रकाना तीनदा तपासला होता. एकदा उलट्या बाजूनंही केला. एका आकड्याचा फरक नव्हता."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत का, साहेब?"

त्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच खोलीतल्या कुणाला एकमेकांकडे बघवेना. चौसष्ट कोअर, गिरणी, नऊ दिवस आणि साडेतीन हजार आकडे यांनी मिळून जे शोधून काढलं, ते एका बाईंना एकतीस वर्षं ठाऊक होतं. टेबलाच्या टोकाच्या खुर्चीवरून तिसऱ्या खुर्चीपर्यंतचं अंतर चार पावलांचं होतं.

"नाही विचारलं," आप्पा म्हणाले. "विचारायला हवं होतं. माझं चुकलं, बाई." मग त्यांनी खुर्ची फोनच्या जवळ ओढली. "आता विचारतो. उलट्या बाजूनं कसा केलात?"

पलीकडे बाईंनी घसा साफ केला.

"कागद घ्या," त्या म्हणाल्या, आणि गणितखोलीचे प्रमुख पेन्सिल घेऊन लिहून घेऊ लागले.